डोळ्यांच्या रेषेत

टिटवी ओट्यावर चढून उभी होती आणि दोन्ही तळहातांनी दोन टाइल्स भिंतीवर दाबून धरत होती. उजव्या हाताखाली पांढरी, डाव्या हाताखाली मोरपंखी. जुन्या टाइल्स मिस्त्रीने सकाळीच छिन्नीने उचकटून काढल्या होत्या आणि उघडी पडलेली भिंत केस झडलेल्या कुत्र्यासारखी केविलवाणी दिसत होती.

“बघा ना कुणीतरी पटकन! हात गळून पडले तर तेही इथेच चिकटवावे लागतील.”

आई खाली बसून डब्यांवरची धूळ पुसत होती. तिने मान वर केली, एकदा बघितलं आणि पुन्हा डब्यात डोकं घातलं. दादा दारात उभा राहून सफरचंद खात होता. तो टिटवीहून चार वर्षांनी मोठा, कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला. स्वयंपाकघरात तो उंबऱ्यापर्यंतच येई, जणू पुढे खोल पाणी होतं आणि त्याला पोहता येत नव्हतं.

“दोन्ही चांगल्या आहेत,” तो म्हणाला.

“दोन्ही चांगल्या म्हणणारा माणूस एकीकडेही बघत नसतो.”

“बरं बाई, पांढरी.”

“का पण?”

“बाबा पांढरी म्हणालेत.”

बाबा बाहेरच्या खोलीत मेजावर कागद पसरून बसले होते. ते बसडेपोत वेळापत्रकं करत. कुठली गाडी कधी सुटेल, कुठला चालक कुणाच्या जागी जाईल, कुणाची जेवणाची वीस मिनिटं कुठे बसवायची, हे सगळं ते आधी चौकटीच्या कागदावर पेन्सिलीने मांडत आणि मगच संगणकात घालत. घरातही त्यांचं बोलणं गाड्या सुटण्याच्या वेळांसारखं असे, मोजकं आणि बदल न होणारं.

“पांढरी,” ते तिथूनच म्हणाले. “पांढऱ्यावर डाग दिसतो. दिसला की पुसला जातो. विषय संपला.”

विषय संपला असं कुणी म्हटलं की टिटवीचा विषय सुरू होई. तिचं नाव उगाच पडलं नव्हतं. लहानपणी ती दिवेलागणीपर्यंत अंगणात ओरडत असे, म्हणून आजोबांनी ते ठेवलं. मधली दोन-तीन वर्षं ती आवाज हरवल्यासारखी गप्प झाली होती, चेहऱ्यावर पुटकुळ्या आणि वर्गात शेवटचा बाक. यंदा मात्र तिला कंठ फुटला होता, आणि असा फुटला होता की दादा म्हणे, हिला बंद करायचं बटण शोधा.

तिने धपकन उडी मारली आणि दोन्ही टाइल्स छातीशी धरून ती बाबांसमोर जाऊन उभी राहिली.

“सगळी भिंत कुठे रंगीत म्हणतेय मी? फक्त एक ओळ, बाबा. अकरा टाइल्स. मिस्त्रीकाका त्याला हायलायटर म्हणतात.”

“हायलायटर पुस्तकात वापरतात.”

“हो ना! पुस्तकातल्या महत्त्वाच्या ओळीला! मग घरातली महत्त्वाची ओळ नको का दिसायला? हे बघा. तुम्ही डेपोत बसता, तुमच्या समोर खिडकी. दादा वर्गात बसतो, त्याच्या समोर फळा. म्हणजे फळ्याच्या अलीकडे ज्या मुली बसतात त्या.”

“ए!” दादा उंबऱ्यावरून ओरडला.

“आणि आईच्या समोर? सकाळी भिंत, दुपारी भिंत, संध्याकाळी भिंत. बावीस वर्षं ती एकाच भिंतीकडे तोंड करून उभी आहे. शाळेत आम्हाला अशी शिक्षा दिली तर पालक तक्रार करतात, बाबा. निदान तिला समोर बघायला काहीतरी असू दे!”

आतून आईचा आवाज आला. “माझं नाव कशाला मध्ये ओढतेस? मी मागितलंय का काही?”

“तू मागत नाहीस म्हणून तर मी मागते!”

बाबांना हसू आलं. पेन्सिल कानामागे खोचत ते म्हणाले, “टिटवी निघाली समुद्र आटवायला.”

“आटवीनच. थेंब थेंब. तुम्ही बघाच.”

तिला असं बोलायचा हक्क होता, निदान तिला तसं वाटत होतं. गेल्या महिन्याभरात तिने दोन समुद्र आटवले होते. पहिला स्वतःचा. दोनशे मैलांवरच्या एका शाळेत, जिथे अकरावीपासून घरं, खुर्च्या, पूल, दिवे, सगळ्या वस्तू कशा रचायच्या ते शिकवतात, तिथे तिची निवड झाली होती. दोन परीक्षा, एक मुलाखत, चाळीस जागा. राहायला वसतिगृह. अर्जावर वडिलांची सही होऊन तो सोमवारपर्यंत पोचायला हवा होता. सही करा म्हटलं की बाबा म्हणत, “आधी ओट्याचं काम होऊ दे. मग निवांत बसू.” म्हणून तर तिला ओट्याची एवढी घाई होती. ओटा झाला की सही, सही झाली की गाडी. तिने मनातल्या मनात बॅगसुद्धा भरली होती, आणि त्या मनातल्या बॅगेत दरवेळी एखादी नवी वस्तू मावत होती.

दुसरा समुद्र आईचा. लग्नाआधी आईने एका प्रयोगशाळेत दोन वर्षं काम केलं होतं. त्याचं प्रमाणपत्र कपाटात, साड्यांच्या घडीखाली सापडलं ते टिटवीलाच. औषधांच्या कारखान्याची जाहिरात तिनेच शोधली, अर्ज तिनेच लिहिला, मुलाखतीला कसं बसायचं ते तिनेच आईला खुर्चीत बसवून शिकवलं. “हात मांडीवर. लाजून हसायचं नाही. आणि ‘घरीच असते’ असं मुळीच म्हणायचं नाही, ‘मधल्या काळात काम थांबवलं होतं’ म्हणायचं.” आईला नोकरी मिळाली. भरलेल्या पाकिटांची तपासणी, दुसरी पाळी, दुपारी दोन ते रात्री दहा, पुढच्या महिन्यापासून. पत्र आलं त्या दिवशी टिटवी घरभर नाचली होती. “आईची दुसरी पाळी सुरू! आता चौकार, षटकार!” आणि आई पदराने तोंड झाकून नव्या नवरीसारखी हसली होती.

त्या संध्याकाळी जेवताना टिटवीने मोरपंखी रंगावर इतकं भाषण केलं की दादाने कानात बोटं घातली. बाबा मात्र शांतपणे जेवत होते. ताट स्वच्छ झाल्यावर त्यांनी एकदा आईकडे बघितलं आणि म्हणाले,

“बरं. लावा ती ओळ.”

टिटवीचा घास हातातच राहिला.

“आणि रंगही तूच ठरव,” ते म्हणाले. “कुठला, किती, कसा, सगळं तूच. तुझ्या मनासारखं होऊ दे.”

“आई! ऐकलंस? आटला! समुद्र आटला!”

“ऐकलं,” आई म्हणाली, आणि पाणी आणायला उठली. तांब्या तिच्या हाताशीच होता, काठोकाठ भरलेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोघी टाइल्सच्या दुकानात गेल्या. दुकान म्हणजे नुसत्या भिंतीच भिंती होत्या, घर नसलेल्या. दुकानदार एकेक टाइल बाहेर ओढून दाखवत होता आणि टिटवी प्रत्येक टाइलला गुण देत होती. ही दहापैकी चार, ही म्हणजे दवाखान्याची, ही म्हणजे श्रीमंतांच्या न्हाणीघराची. आईची बोटं एका टाइलवर जराशी थांबली. तिच्यावर बारीक पानांची वेल होती.

“ही आवडली? ही घेऊ या? सांग ना!”

आईने बोटं काढून घेतली. “मला काय विचारतेस. तुझ्या डोळ्यांना बरं वाटेल ते घे.”

“माझ्या डोळ्यांना काय करायचंय? मी तर दोन वर्षं तिकडे. सुट्टीत आले तर पाहुणी म्हणून बघीन.”

आई पिशवीत काहीतरी शोधायला लागली. काय ते तिला सापडलं नाही.

शेवटी मोरपंखीच घेतली. तिचा रंग सगळीकडे सारखा नव्हता. एका कडेला गडद आणि दुसऱ्या कडेला फिकट, खोल पाणी किनाऱ्याशी येता येता उथळ होत जावं तसा. अकरा टाइल्सची पेटी दुकानदाराने दोरीने बांधून दिली. रस्त्याने दोघींनी एकेक बाजू धरली. मध्येच आई थांबली, तिने हात बदलला आणि म्हणाली,

“टिटवे, मी ही नोकरी करू नये, असं तुला कधी वाटलं का गं?”

“वेडी आहेस का?”

“नाही, म्हणजे माझ्यामुळे कुणाची अडचण झाली तर?”

“कुणाची अडचण? दादाची? होऊ दे की. त्याला अंडं उकडायला शिकवून जाईन मी. पहिला धडा, पाणी घाला.”

आई हसली. जरा जास्तच वेळ हसली, आणि मग पेटी न सोडता, खांदा वर करून तिने डोळे पुसले. टिटवीला स्वतःच्या विनोदाचा फार अभिमान वाटला.

शनिवारी सकाळी मिस्त्री आला. पन्नाशीचा, बुटका, मिशीला सिमेंट लागलेला. त्याने पांढऱ्या टाइल्सच्या पेट्या एकावर एक रचल्या, मोरपंखी पेटीची दोरी न सोडता, वरच्या फटीतूनच आत डोकावून बघितलं आणि ओठ पुढे काढून मान हलवली.

“निवड कोणाची?”

“माझी!” टिटवी म्हणाली.

“नजर आहे. आता डॅडोला पांढरी, मध्ये ही ओळ. बरोबर?”

“डॅडींना काही लावू नका हं, काका, ते ओरडतील.”

“डॅडो, पोरी, डॅडो. ओट्यावरच्या भिंतीला आम्ही डॅडो म्हणतो.” पण तोही हसला. डेपोला जायला निघालेले बाबा सदऱ्याची बटणं लावता लावता तिथे आले आणि तेसुद्धा हसले. दादाही उंबऱ्यावर येऊन उभा राहिला. असं सगळं घर एका भिंतीसमोर जमलेलं बघून टिटवीला वाटलं, घरात आपलं नुसतं ऐकत नाहीत, आपल्यामुळे काहीतरी घडतंय.

मिस्त्रीने खिशातून पेन्सिल काढली. चाकूने तासलेली, जेमतेम बोटभर उरलेली.

“ओळ कुठल्या उंचीवर घ्यायची ते आता ठरवू. बाकीचे लोक टेप लावतात. मी नाही लावत. खाली गेली तर ओळ भांड्यांमागे लपते, वर गेली तर फळीखाली गुदमरते. ओळ डोळ्यांच्या रेषेत पाहिजे. म्हणून इथे जे माणूस रोज कामाला उभं राहणार, त्यालाच मी उभं करतो आणि त्याच्या डोळ्यांसमोर रेघ मारतो. कोण राहणार उभं?”

“आई!” टिटवीने आईचा हात धरून तिला ओढतच आणलं. “या, महाराणी. इथे. सरळ उभी राहा. लाजून हसायचं नाही.”

आई ओट्यासमोर उभी राहिली. मिस्त्री एका बाजूला झाला, त्याने एक डोळा मिटला, पेन्सिल भिंतीला टेकवली.

“माझी नको,” आई म्हणाली.

“हलू नका, ताई.”

“माझी घेऊ नका. हिची घ्या.” आई बाजूला सरकली आणि तिने टिटवीच्या पाठीवर हात ठेवला.

टिटवी हसली. “माझी काय? मी जाणार, आणि ओळ माझ्या उंचीवर? मी तुझ्याहून चार बोटं उंच आहे, तुला टाचा वर करून बघावी लागेल.”

मिस्त्रीची पेन्सिल भिंतीला टेकलेलीच होती.

“हिचीच घ्या,” बाबा म्हणाले. त्यांनी शेवटचं बटण लावलं. “आता रोज हीच असणार.”

“रोज म्हणजे?”

“म्हणजे हे बघ.” बाबांचा आवाज मुळीच रागावलेला नव्हता. डेपोत एखाद्या नव्या चालकाला मार्ग समजावून सांगावा तसा तो होता. “इथलं कॉलेज साडेबाराला सुटतं. मी चौकशी केलीय. एकच्या आत तू घरी. आईची बस एक वीसची. म्हणजे तुम्हा दोघींना वीस मिनिटं मिळतात, काय करायचं ते ती तुला सांगून जाईल. संध्याकाळचं तू बघायचं. सगळं नीट बसतंय. कुठेही खोळंबा नाही.”

“आणि माझा अर्ज?”

“पुढच्या वर्षी बघू.”

“बाबा, तिथे पुढच्या वर्षी नसतं. अकरावीलाच घेतात.”

“मग इथलं कॉलेज काय वाईट आहे? आणि तुला ओट्याचं सगळं तुझ्या मनासारखं करून दिलं ना? काही नाही म्हटलं का मी?”

मिस्त्री एकाकडून दुसऱ्याकडे बघत होता. घरातल्या गोष्टीत आपण नको म्हणून की आपल्याला खरंच कळलं नाही म्हणून, त्याने दादाकडे पेन्सिल रोखली. “मग या साहेबांची उंची घेऊ का?”

दादा मोकळेपणाने हसला. “काका, मला चहासुद्धा जमत नाही.” बाबाही हसले. मिस्त्रीही, पाहुण्याने हसावं तेवढंच.

टिटवी आईकडे वळली.

“तुझा अर्ज मी लिहिला होता.”

“माहीत आहे गं.”

“मला दुकानात का नाही सांगितलंस? रस्त्यात? मी दोन दिवस…” तिला पुढचा शब्द मिळेना. महिन्याभरात पहिल्यांदाच.

आई तिच्या अगदी जवळ आली. इतरांना ऐकू जाऊ नये इतक्या हळू बोलली, आणि तिच्या बोलण्यात कसलीच सारवासारव नव्हती.

“मला आता इथे उभं राहायचं नाही, टिटवे. मला आणखी एक वर्षसुद्धा जमणार नाही. ते म्हणाले, तू राहिलीस तरच मी जायचं. मी हो म्हटलं.”

एवढं बोलून ती तिच्याकडे बघत राहिली. तिने माफी मागितली नाही. मागितली असती तर कदाचित सोपं गेलं असतं.

“पोरी, उभी राहतेस ना? सिमेंट कालवलंय, ते थांबायचं नाही,” मिस्त्री म्हणाला.

टिटवी ओट्यासमोर जाऊन उभी राहिली. पाठ ताठ, हात बाजूला. ओट्याची गार कड तिच्या पोटाला लागली. समोर खरवडलेली भिंत होती, आणि इतक्या जवळून तिच्यात काहीच दिसत नव्हतं, रंग नाही, आकार नाही, फक्त छिन्नीचे टोचे. मिस्त्रीने एक डोळा मिटला, तिच्या नजरेपासून भिंतीपर्यंत हवेतून पेन्सिल नेली आणि एक आडवी रेघ ओढली. डावीकडच्या कोपऱ्यापासून उजवीकडच्या कोपऱ्यापर्यंत, अकरा टाइल्स लांब.

“झालं. छान उंची आहे. आता आयुष्यभर मान वाकवायला नको.” त्याने मोरपंखी पेटीच्या दोरीच्या गाठीला हात घातला.

“सोडू नका,” टिटवी म्हणाली.

“काय?”

“ती पेटी. ती लावू नका. सगळी पांढरीच लावा.”

“अगं, तीन दिवस डोकं खाल्लंस आमचं!” दादा म्हणाला.

“पांढरीच लावा, काका. मोरपंखी परत घेतील ना दुकानात?”

“न फोडलेली पेटी घेतात,” मिस्त्री म्हणाला. “पण कशाला? एवढी सुंदर ओळ दिसली असती तुला. रोज समोर.”

“नको दिसायला.”

मिस्त्रीने बाबांकडे बघितलं. बाबांचा चेहरा उजळला होता. ते पुढे आले आणि त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, तिला दहावीत गुण मिळाले तेव्हा ठेवला होता तसाच.

“पटलं ना शेवटी? मी पहिल्यापासून तेच सांगत होतो. पांढरंच शोभतं. शहाणी आहे माझी पोर.” घड्याळ बघून ते निघाले. दारातून वळून मिस्त्रीला म्हणाले, “हिच्या मनासारखं करा.”

दादाही गेला. आई डब्यांशी जाऊन बसली, पण एकाही डब्याला तिने हात लावला नाही.

मिस्त्रीने मोरपंखी पेटी पायाने हळूच भिंतीकडे सरकवली. थापीवर सिमेंट घेतलं, पहिली पांढरी टाइल उचलली आणि तो थांबला. अंगठ्याला थुंकी लावून त्याने रेघेकडे बोट केलं.

“मग ही पुसून टाकू का?”

टिटवीने मोरपंखी पेटीच्या दोरीची गाठ आणखी आवळली.

“राहू द्या,” आई पाठमोरीच म्हणाली. “टाइलखाली झाकली जाते ती.”